पाऱ्याला अंक कोणी दिले?

मंडळी, वैशाखातली दुपार आहे असे समजा. घरात पोर तापाने फणफणले आहे. डॉक्टर थर्मामीटर पाहून म्हणतात, "एकशे दोन आहे." तेवढ्यात रेडिओवर हवामान सांगतात, "अकोला, कमाल तापमान ४४ अंश." ओसरीवर बसलेले आजोबा मनाशी हिशेब करतात आणि विचारतात, "म्हणजे आमचे पोर अकोल्याच्या उन्हाच्या दुपटीहून जास्त तापले म्हणायचे?"

प्रश्न हसण्यासारखा वाटतो, पण हसू नका. आजोबांचा हिशेब बरोबर आहे. मापे मात्र वेगळी आहेत. अंगातला ताप आपण अजून बहुधा फॅरनहाइटच्या अंशांत सांगतो आणि बाहेरचे ऊन सेल्सिअसच्या अंशांत. शेर आणि किलो एकाच तागडीत घालावे, तसा हा प्रकार. फॅरनहाइटचे १०२ म्हणजे सेल्सिअसचे ३८.९. तेव्हा पोराच्या अंगापेक्षा अकोल्याची हवाच पाच अंशांनी जास्त तापलेली आहे. पण ही दोन मापे आली कुठून? पाऱ्याला हे अंक कोणी दिले, आणि आपण त्यांच्यावर भरवसा का ठेवायचा? त्याचीच हकीगत आज सांगायची आहे.

आधी आपल्या हाताचा विचार करू. हाताला उष्णता कळते, यात शंका नाही. दुधाला विरजण लावताना घरची बाई बोट बुडवून पाहते आणि दूध कोमट झाले की नाही ते बरोबर सांगते. आपल्या भाषेतही उष्णतेच्या पायऱ्या आहेत. गार, कोमट, ऊन, कढत, उकळते, अशा त्या चढत जातात. रोजच्या कामाला त्या पुरतात. अडचण येते ती दुसऱ्याला सांगताना. सासूबाईंचे कोमट आणि सुनेचे कोमट एकच असेल असे नाही.

शिवाय हात फसतो. खोल विहिरीचे पाणी थंडीत कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार लागते. वास्तविक ते वर्षभर जवळजवळ सारखेच असते. बदलते ती बाहेरची हवा आणि आपले अंग. शिक्षक बंधुभगिनींनी एक प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. तीन भांडी घ्या. एकात गार पाणी, दुसऱ्यात हाताला सोसेल इतके ऊन पाणी आणि मधल्या भांड्यात दोहोंचे मिश्रण. मुलाने एक हात गार पाण्यात आणि दुसरा ऊन पाण्यात मिनिटभर धरावा आणि मग दोन्ही हात एकदम मधल्या भांड्यात घालावेत. एक हात म्हणेल पाणी ऊन आहे, दुसरा म्हणेल गार आहे. पाणी एकच, माणूसही एकच, आणि साक्षी मात्र दोन! मग आईने कपाळाला हात लावून सांगितलेला ताप आणि आजीने सांगितलेला ताप जुळला नाही, तर त्यात नवल ते काय?

तेव्हा हाताहून भरवशाचा साक्षीदार हवा होता. त्याचा शोध इटली देशात सुरू झाला. सोळावे शतक संपून सतरावे लागले त्या सुमारास गॅलिलिओ आणि त्याच्या वेळचे इतर विद्वान एक साधे उपकरण वापरू लागले. काचेचा एक फुगा आणि त्याला जोडलेली लांब बारीक नळी. नळीचे तोंड पाण्यात उपडे ठेवायचे. फुग्याला ऊब लागली की आतली हवा फुगते आणि नळीतले पाणी खाली ढकलले जाते. गारवा आला की पाणी वर चढते. पादुआच्या विद्यापीठात सांतोरियो नावाचा वैद्य होता. त्याने नळीशेजारी खुणा केल्या. एका टोकाची खूण फुग्याला बर्फ लावून आणि दुसऱ्या टोकाची मेणबत्तीची ज्योत लावून ठरवली. हे उपकरण त्याने रोग्यांसाठी वापरले. तापाला अंक देण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक.

पण या उपकरणात एक खोट होती. नळीचे तोंड उघडे होते, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब बदलला तरी पाणी वरखाली होई. हवेला दाब असतो आणि तो रोज बदलतो, हे १६४३-४४ च्या सुमारास तोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उभी करून दाखवले. त्यानंतर लोकांच्या ध्यानात आले की आपण उष्णता मोजतो आहोत असे समजत होतो, पण त्यात हवेचा दाबही मिसळला होता. यावर उपाय निघाला फ्लॉरेन्स शहरात. १६५४ च्या सुमारास टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या पदरच्या कारागिरांनी नळीत मद्यार्क भरून तिचे तोंड काच वितळवून कायमचे बंद केले. आता हवेचा दाब आत पोचेना. हे थर्मामीटर दूरदूरच्या गावी पाठवून तिथल्या हवेची रोज नोंद ठेवण्याची व्यवस्थाही त्या ड्यूकने केली होती.

उपकरण तर झाले. अंक कसे द्यायचे?

आता गंमत बघा. कापड मोजायचे तर गजाची लांबी आपण ठरवू शकतो; एक पट्टी कापून ठेवली की काम झाले. धान्यासाठी पायली ठेवता येते. पण उष्णतेची पायली कशी ठेवणार? तिला कोठारात कुलूप लावून ठेवता येत नाही. ठेवली तरी निवून जाते. तेव्हा निसर्गात अशी एखादी गोष्ट शोधायला हवी की ती कुठेही, केव्हाही घडवली तरी तितकीच उष्ण असेल. अशा निदान दोन खुणा सापडल्या, की मधल्या जागेचे सारखे भाग पाडून अंक मांडता येतील.

या खुणांसाठी माणसांनी काय काय सुचवले, ते ऐकून आज मौज वाटते. फ्लॉरेन्सच्या मंडळींनी कडक हिवाळ्याची थंडी आणि भर उन्हाळ्याची उष्णता धरली. पण दर वर्षीचा उन्हाळा सारखा असतो का? फ्रान्समधल्या दालांसे नावाच्या लेखकाने १६८८ साली लोणी वितळते ती खूण सुचवली. आपल्याकडची एखादी गवळण लगेच विचारील, "लोणी गाईचे की म्हशीचे?" पॅरिसच्या वेधशाळेखालच्या खोल तळघराची हवा काहींनी धरली, कारण आपल्या विहिरीसारखी ती वर्षभर सारखी असे. पण त्यासाठी प्रत्येकाने पॅरिसला जायचे की काय? खुद्द न्यूटननेही १७०१ साली एक माप प्रसिद्ध केले. त्यात वितळणाऱ्या बर्फाला शून्य आणि माणसाच्या अंगाच्या उष्णतेला १२ असे अंक होते. असे करता करता अठराव्या शतकात युरोपात कितीतरी मापे झाली. एका गावच्या २० अंशांना दुसऱ्या गावी काही अर्थच उरला नाही.

या गोंधळात एका कारागिराने आपले नाव कायमचे कोरून ठेवले. डानिएल गाब्रिएल फॅरनहाइट याचा जन्म १६८६ साली डान्झिग शहरी झाला. आज ते शहर पोलंडमध्ये असून त्याला ग्दान्स्क म्हणतात. १७०१ साली त्याचे आईवडील एकाच दिवशी वारले. पंधरा वर्षांच्या या मुलाला व्यापार शिकण्यासाठी हॉलंडात अ‍ॅम्स्टरडॅमला पाठवले. पण त्याचे मन वखारीपेक्षा काचेच्या नळ्यांत जास्त रमले. १७०८ साली तो कोपनहेगनला ओले रोमर या ज्योतिर्विदाकडे गेला. प्रकाशाला वेग असतो हे ज्याने दाखवले तोच हा रोमर. त्याच्या थर्मामीटरवर वितळत्या बर्फाला साडेसात आणि उकळत्या पाण्याला ६० असे अंक होते. साडेसात आणि साडेबावीस असल्या अपूर्णांकांचा फॅरनहाइटला कंटाळा आला. त्याने प्रत्येक अंशाचे चार भाग केले आणि पुढे अंकांत थोडा फेरफार केला.

त्याने १७२४ साली आपली पद्धत छापली. तिच्यात खुणा तीन. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य. नवसागर म्हणजे आपला कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो तोच. बर्फात तो किंवा मीठ घातले की मिश्रण नुसत्या बर्फापेक्षा गार होते. कुल्फीवाल्याला हे पक्के ठाऊक असते. नुसते बर्फ आणि पाणी एकत्र असताना ३२. आणि निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६.

३२ आणि ९६ हे अंक आपल्याला विचित्र वाटतात. पण त्यांच्यातले अंतर मोजा: ६४ भरते. जुना रुपया ज्यांनी वापरला किंवा वडीलधाऱ्यांकडून ज्याचा हिशेब ऐकला, त्यांना हा आकडा लगेच ओळखू येईल. चौसष्ट पैशांचा रुपया. त्याची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, मग चवली, आणा, ढब्बू आणि शेवटी पैसा. सहा वेळा निम्मे केले की एक पैसा उरतो. फॅरनहाइटच्या नळीवरही तसेच. दोन खुणांमधले अंतर कंपासने सहा वेळा निम्मे निम्मे केले की बरोबर एक अंश हाती येतो. कारागिराच्या हाताला ही वाटणी सोयीची होती.

फॅरनहाइटचे खरे कर्तृत्व मात्र या अंकांत नाही. १७१४ साली त्याने हाले येथील प्राध्यापक क्रिस्तिआन वोल्फ यांना दोन थर्मामीटर दिले. दोन्ही एकमेकांशी इतके जुळले की वोल्फ यांनी त्या जुळण्यावर लेखच लिहिला. दोन थर्मामीटर एकच गोष्ट सांगतात, ही तेव्हा छापण्यासारखी बातमी होती! पुढे त्याने मद्यार्काच्या जागी पारा वापरला. पारा काचेला चिकटून राहत नाही, स्वच्छ दिसतो, आणि पाणी उकळते त्याच्याही पलीकडे खुशाल मोजतो.

इकडे स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आंदेर्स सेल्सिअस हा ज्योतिषशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने विचारलेला प्रश्न अगदी मुळाचा होता. सगळे म्हणतात की वितळत्या बर्फाची उष्णता कायम असते; पण ती तशी असते कशावरून? आता कोणी शंका घेईल, की हे तपासायला थर्मामीटर हवा, आणि थर्मामीटर तयार करायला ही खूण आधी पक्की हवी. मग सुरुवात कुठून करायची? आधी कोंबडी की आधी अंडे?

सेल्सिअसने ही गाठ सोडवली ती नुसत्या चिकाटीने. खूण हलते की नाही हे पाहायला अंकांची गरजच नसते. नळी वितळत्या बर्फात बुडवा आणि पारा थांबतो तिथे एक दोरा बांधा. आठवड्याने पुन्हा बुडवा. महिन्याने बुडवा. ढगाळ दिवशी बुडवा, लख्ख दिवशी बुडवा. दर वेळी पारा दोऱ्यापाशीच आला, तर खूण स्थिर आहे. सेल्सिअसने दोन वर्षे हिवाळ्यात हवेच्या नाना अवस्थांत हे तपासले. हवेचा दाब कमी असो की जास्त, बर्फाची खूण जागची हलली नाही. १७३६-३७ साली पृथ्वीचा आकार मोजायला गेलेल्या फ्रेंच मंडळींबरोबर तो उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या तोर्निओ गावी गेला होता. तिथेही खूण तीच निघाली. उत्तरेकडचे बर्फ दक्षिणेकडच्या बर्फाहून वेगळे वागत नाही, हे असे सिद्ध झाले.

पाणी उकळण्याची खूण मात्र तशी निघाली नाही. हवेचा दाब वाढला की ती वर जाई, उतरला की खाली येई. फॅरनहाइटच्याही हे ध्यानात आले होते. याचा पडताळा आपल्या महाराष्ट्रात सहज घेता येतो. मुंबईला समुद्रकाठी पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, तर साडेचार हजार फुटांवरच्या महाबळेश्वरला ते साधारण ९५-९६ अंशांवरच उकळू लागते. खाली जाळ कितीही वाढवा, उघड्या भांड्यात त्याहून जास्त तापत नाही. म्हणून डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो. त्यात चूल दोषी नाही की सरपणही दोषी नाही. तेव्हा सेल्सिअसने अट घातली की उकळण्याची खूण हवेचा दाब ठराविक असतानाच घ्यायची. १७४२ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. दोन खुणा, आणि मध्ये सरळ शंभर भाग.

पण थांबा. सेल्सिअसच्या थर्मामीटरवर उकळत्या पाण्याला शून्य होते आणि बर्फाला १००! थंडी वाढली की आकडा वाढायचा. स्वीडनच्या हिवाळ्यात यामुळे उणे आकडे लिहावे लागत नसत. १७४४ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी क्षयाने सेल्सिअस गेला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत उप्सालात हे माप उलटे करण्यात आले. फ्रान्समध्ये लिओं शहरी क्रिस्तँ नावाच्या गृहस्थाने १७४३ सालीच चढते शतमाप सुचवले होते. आज आपण वापरतो ते माप म्हणजे सेल्सिअसच्या खुणा आणि दुसऱ्यांनी फिरवलेले अंक. अंक उलटे फिरले तरी खुणा जागच्या जागी राहिल्या.

उकळण्याची खूण पक्की करायला आणखी तीस-पस्तीस वर्षे गेली. भांडे बदलले, की उकळत्या पाण्यातला पारा थोडा इकडेतिकडे होई. लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश यांच्या प्रमुखत्वाखाली एक समिती नेमली. १७७७ साली तिने सांगितले की थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवू नका. झाकलेल्या भांड्यात पाण्याच्या वर, नुसत्या वाफेत धरा. वाफेत पारा बराच स्थिर राहतो. असे काम करून दोन खुणा बळकट झाल्या. फॅरनहाइटच्या मापावरही कारागीर आता अंगाच्या उष्णतेऐवजी याच दोन खुणा धरू लागले. बर्फ ३२ आणि वाफ २१२.

इथवर सगळे ठीक झाले असे वाटले, तोच नवी शंका निघाली. एक नळी पाऱ्याची घ्या आणि एक मद्यार्काची. दोन्हींवर शून्य आणि शंभर या खुणा बरोबर आहेत आणि मधले भागही सारखे पाडले आहेत. आता दोन्ही एकाच कोमट पाण्यात बुडवा. पारा ५० दाखवतो तेव्हा मद्यार्क ५० वर पोचलेलाच नसतो! कारण प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने फुगतो. मग खरे ५० कोणाचे? नुसत्या दोन खुणांनी या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते.

उत्तराची वाट हवेने दाखवली. वायू तापले की फुगतात आणि निवले की आकसतात, आणि जवळजवळ सगळे विरळ वायू एकाच चालीने तसे करतात. शून्य अंशाला वायूचे जे आकारमान असेल, त्याचा सुमारे दोनशे त्र्याहत्तरावा भाग दर अंशाला कमी होतो. कागदावर ही रेघ खाली खाली वाढवत नेली, तर उणे २७३ अंशांपाशी वायूचे आकारमान शून्य होईल. त्याच्या खाली जायला वावच नाही. थंडीला तळ आहे, असे यातून सुचत होते. १८४८ साली ग्लासगो विद्यापीठातले विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी पारा, मद्यार्क, हवा यांपैकी कोणाचीच मक्तेदारी न ठेवता, उष्णतेपासून यंत्राला किती काम मिळू शकते या नियमावर माप बसवण्याची रीत सांगितली. त्यातून निरपेक्ष माप उभे राहिले. त्याचे शून्य अगदी तळाशी, म्हणजे सेल्सिअसच्या उणे २७३.१५ अंशांवर.

आता आजोबांच्या "दुपटी"कडे वळू. समजा, महाबळेश्वरला पहाटे १० अंश आहेत आणि दुपारी २०. उष्णतामान दुप्पट झाले का? हेच आकडे फॅरनहाइटमध्ये ५० आणि ६८ होतात, तिथे दुप्पट दिसत नाही. कारण या दोन्ही मापांचे शून्य माणसांनी सोयीसाठी मध्येच कुठेतरी ठेवलेले आहे. माळ्यावर उभे राहून घराची उंची मोजण्यासारखेच ते. दुप्पट-तिप्पट बोलायचे तर जमिनीपासून मोजायला हवे, आणि ती जमीन म्हणजे केल्व्हिनचे शून्य. त्या मापात पहाट २८३ आणि दुपार २९३. फरक शेकड्याला सुमारे साडेतीनचाच. वर्गात मुलांना हे उदाहरण जरूर घालावे. सेल्सिअसच्या अंशांची वजाबाकी बिनदिक्कत करा. भागाकार मात्र करू नका.

पुढची हकीगत करारांची आहे. १९४८ साली वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने "सेंटिग्रेड" हे नाव सोडून "सेल्सिअस" हे नाव ठरवले. १९५४ साली मुख्य खूण बदलली. बर्फ, पाणी आणि वाफ ही तिन्ही बंद काचपात्रात एकत्र नांदतात ती अवस्था घेतली आणि तिला २७३.१६ केल्व्हिन हा अंक दिला. हवेच्या दाबाची कटकट तिथे उरत नाही. २० मे २०१९ पासून तर पाण्याचाही आधार सोडला आहे. कणांची हालचाल आणि उष्णतामान यांचा संबंध सांगणारा बोल्ट्झमनचा स्थिरांक आहे. त्याची किंमत कायमची ठरवून केल्व्हिनची व्याख्या तिच्यावर बसवली आहे. लोण्यापासून निघालेला शोध असा निसर्गाच्या नियमापर्यंत येऊन पोचला. आपल्या देशात या मापाचा सांभाळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते.

एवढे सगळे ऐकून कोणी म्हणेल, आम्हांला याचा उपयोग काय? उपयोग पुष्कळ आहे. दोनच उदाहरणे घेऊ.

पहिले ९८.६ चे. निरोगी माणसाचे उष्णतामान ९८.६ असते, हे आपण पाठ केले आहे. १८६८ साली लाइप्झिगचे डॉक्टर व्हुंडरलिख यांनी हजारो रोग्यांच्या नोंदींवरून निरोगी अंगाचा आकडा सेल्सिअसमध्ये ३७ असा दिला. ३७ हा पूर्णांक आहे. त्याचे फॅरनहाइट केले की ९८.६ येतात. तेव्हा तो शेवटचा "पॉइंट सहा" गणिताने आणला आहे, शरीराने नव्हे. निरोगी माणसाचे अंगही पहाटे थोडे कमी आणि संध्याकाळी थोडे जास्त उष्ण असते. संध्याकाळी ९९ दिसले म्हणून लगेच घाबरू नये. पण पोराचा ताप चढतो आहे की उतरतो आहे हे कळायला एकाच थर्मामीटरने, एकाच जागी, म्हणजे काखेत तर काखेत, तोंडात तर तोंडात, ठराविक वेळाने मोजून कागदावर वेळेसह लिहून ठेवावे. डॉक्टरांना "अंग फार तापले होते" यापेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडतो.

दुसरे उन्हाचे. रेडिओवर सांगतात ते ४४ अंश भर उन्हातले नसतात. पट्ट्यापट्ट्यांच्या भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर थर्मामीटर ठेवून ते मोजतात. पत्र्यावर ठेवलेला थर्मामीटर पत्र्याची आणि उन्हाची उष्णता घेतो; त्याचा आकडा दुसऱ्या गावाशी ताडून पाहता येत नाही. हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करते तोही या सावलीतल्या आकड्यावरून. मैदानी मुलखात निदान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्याशिवाय लाट म्हणत नाहीत. तेव्हा सावलीत ४४ म्हटले की शेतात उघड्यावर राबणाऱ्या माणसाला त्याहून जास्त सोसावे लागते, हे ओळखून दुपारची कामे सकाळ-संध्याकाळवर न्यावीत, पाणी जवळ ठेवावे.

शाळांसाठी शेवटी एक काम सुचवतो. प्रयोगशाळेतला थर्मामीटर बरोबर आहे की नाही ते मुलांकडूनच तपासून घ्या. बर्फ बारीक कुटा, त्यात थोडे पाणी घाला, ढवळा, आणि थर्मामीटरचा फुगा चांगला बुडेल असा धरा. पाच मिनिटांनी तो किती दाखवतो ते लिहा. शून्याऐवजी एक दाखवला, तर थर्मामीटर टाकून देऊ नका. "हा एक अंश जास्त दाखवतो" अशी चिठ्ठी त्याला बांधा. हाच प्रयोग श्रावणात करा, पौषात करा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडा. तापाचा थर्मामीटर मात्र कढत पाण्यात कधी घालू नका; तो फुटतो. पाऱ्याचा असला आणि फुटला, तर पारा हाताने गोळा करू नका, कारण तो विषारी आहे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचे थर्मामीटर जगभर मागे पडत आहेत आणि त्यांची जागा आकडे दाखवणारे विजेचे थर्मामीटर घेत आहेत.

या नव्या थर्मामीटरांत पाराही नाही आणि नळीही नाही. आकडा झटकन दिसतो. म्हणूनच मुलांना एक सवय लावायला हवी. कोणताही आकडा समोर आला, की तीन प्रश्न विचारायचे. हा कोणत्या मापातला? कुठे ठेवून घेतला? आणि हे यंत्र कशाशी ताडून पाहिले आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला पंचवीस पैशांचे बर्फ पूर्वी पुरत असे; आज थोडे जास्त पैसे पडतील, पण खूण तीच आहे.